अडीच बोटं ऑइल

आमच्या गाडीतून उतारावर निळा धूर निघायला लागला, तेव्हा पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? सल्तच्या डोंगरावरून खाली खोऱ्यातल्या शूने गावापर्यंतचा घाट माझा नवरा एकाच कामासाठी उतरतो, आणि त्या कामाचं नाव विज्दान. माझी सवत.

तीन वर्षांपूर्वी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, अबू शाहेरनं, म्हणजे ह्यांनी, तिच्याशी निकाह लावला. बेचाळीस वर्षांची विधवा, दोन खोल्यांचं घर, पुढे मोठं अंगण, सात शेळ्या. एक रात्र माझी, एक रात्र तिची. माणूस न्यायाचा, त्यात खोट नाही. मला पडदे आणले की तिला पडदे. तिला पंखा घेतला, तर मलाही घेतला. आमच्या डोंगरावर उन्हाळ्यातसुद्धा रात्री अंगावर घ्यावं लागतं. पंखा खोक्यातच आहे.

एकच गोष्ट माझी एकटीची होती. गाडीचं ऑइल.

लग्न झालं तेव्हा गॅरेज घराच्या खालच्या खोलीतच होतं. मी कडेवर आमच्या मुलाला, शाहेरला, घेऊन दुसऱ्या हातात दिवा धरायची आणि हे गाडीखाली पडलेले असायचे. मी तिसरीपर्यंत शिकले, पण इंजिनाचा आवाज मला तेव्हापासून कळतो. गॅरेज पुढे बाजारात गेलं, शाहेर मोठा होऊन कुवेतला गेला, पण ह्यांच्या स्वतःच्या गाडीचं ऑइल चौतीस वर्षं मीच बघत आले. गाडी घरासमोर उभी असते. हे निघायच्या आधी बॉनेट उघडायचं, ऑइल मोजायची पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत घालायची, ओढायची, रेघेपर्यंत ऑइल आहे का बघायचं. कमी असेल तर घालायचं. गॅरेजात चार माणसांसमोर हे सांगायचे, "माझ्या गाडीची पट्टी मी बघत नाही. उम्म शाहेर बघते. तिचा हात माझ्यापेक्षा खरा." उम्म शाहेर म्हणजे शाहेरची आई, म्हणजे मी. हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. दुसऱ्या बाईकडे जाणाऱ्या नवऱ्याच्या गाडीतही मी ऑइल बघत होते, ते ह्या एका वाक्यासाठी.

तर धूर. ही गाडी त्यांनी घाटासाठीच घेतली. टर्बो असलेली, म्हणजे चढावर हवा कोंबून ताकद देणारी. वर येताना मांजरीसारखी येते. पण महिन्याभरापूर्वी उतरताना पाय काढला की मागून निळा धूर. शेजारची उम्म नजीब गच्चीवरून ओरडली, "अगं फिद्दा, तुझा नवरा सासरी जाताना धुरी देत चाललाय बघ!"

मी म्हटलं, "जाऊ दे. तिच्या घरातले डास तरी मरतील."

आठ दिवस मी मजेत होते. मग ह्यांनी गाडी गॅरेजात घेतली. टर्बोचा रबरी पाइप काढला, आत बोट घालून दांडा हलवून बघितला. हलत नव्हता. इंजिनाच्या डोक्यावरचा वाफ जायचा पाइप फुंकून बघितला, साफ. व्हॉल्व्हची रबरं गेली असतील म्हणून गाडी उभी करून बराच वेळ चालू ठेवली आणि एकदम रेस दिली. त्या रबरांतून गळलं असतं तर धुराचा लोट यायला हवा होता. काही नाही. सगळं बघितलं, फक्त पट्टी ओढून बघितली नाही. ती माझी होती.

मंगळवारी संध्याकाळी चहाला बसले आणि कपात बघत म्हणाले, "फिद्दा, कंटाळलो मी."

"कशाला?"

"ह्या घाटाला. टर्बो आतून गेलाय. बदलला तरी उतार तोच, परत जाईल. माझंही वय झालं. शूनेत हाज फलाहची जागा रिकामी आहे. मोठं शेड, सपाट रस्ता. शेतावरचे पिकअप सगळे तिथेच. गॅरेज खाली नेतो म्हणतो."

"आणि तुम्ही?"

"मी गॅरेजबरोबरच ना. आठवड्यातून एकदा वर येईन. एखादे वेळी दोनदा. शुक्रवारी नमाजनंतर हाज फलाह तिकडे जेवायला येणार आहे. त्याला शब्द देऊन टाकतो."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. रडले नाही. मी रडत नाही, उम्म नजीबला तेवढं तरी सुख कशाला द्यायचं? पण आतून असं पेटलं की त्या टर्बोत घातलं असतं तर गाडी उडत गेली असती. तीन वर्षं अर्धा नवरा वाटून दिला. आता सातातला एक दिवस माझ्या पदरात टाकून बाकीचे तिच्या अंगणात जाऊन बसणार, आणि दोष कुणाचा, तर उताराचा.

ती रात्र तिकडे काढून बुधवारी हे परत आले. गुरुवारी निघायच्या आधी मी नेहमीसारखी पट्टी ओढली. ऑइल वरच्या रेघेला टेकलेलं. तेव्हा मला खटकलं. मी आठवून बघितलं: महिना झाला, मी ह्या गाडीत थेंब घातलेला नव्हता. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. घाटभर जळतंय. मग कमी का होत नाही? जळणाऱ्या इंजिनात रोज भर पडते आहे. मी घालत नाही. हे बघतसुद्धा नाहीत. मग घालतंय कोण?

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. सात शेळ्यांवाली.

"आज जाऊ नका," मी म्हटलं. "म्हणजे जा, पण उद्या सकाळी वर या आणि मला घेऊन खाली चला. मी मागच्या सीटवर बसून धूर बघते. तुम्हाला पुढून काय दिसणार?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. तीन वर्षांत मी त्या गावाचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. "तू? तिथे येणार?"

"गाडी बघायला येणार. तुमच्या बायकोला बघायला नाही."

शुक्रवारी सकाळी मी काळा भरतकामाचा झगा घातला, माझ्या आईच्या हातचा, छातीवर लाल टाके. हरायला जायचं तरी नीट कपड्यांत जायचं. मागच्या सीटवर आडवी वळून बसले. सल्तच्या शेवटच्या घरापासून उतार लागला. ह्यांनी पाय काढला, आणि निळा पदर मागे सुटला. काच खाली करून वास घेतला. जळलेल्या ऑइलचाच, गोडसर.

"आहे?"

"आहे. आता रेस द्या." दिली. धूर तुटला. "काढा." परत आला. घाटभर तसंच. मग शुऐबच्या झऱ्याखाली रस्ता सपाट झाला, दोन्ही बाजूंनी केळी आणि प्लास्टिकनं झाकलेली शेतं लागली. मी म्हटलं, "वेग घ्या आणि पाय काढा."

काढला. मागे स्वच्छ रस्ता.

"परत."

परत स्वच्छ.

"अबू शाहेर, टर्बो आतून गेला असता तर इथेही धूर आला असता. ह्या गाडीला पाय काढल्याचं दुखणं नाही. नाक खाली केल्याचं आहे."

"तू आता मला शिकव," हे म्हणाले, पण आरशात दोनदा बघितलं.

विज्दान दारात उभी होती. फोटोत बघितली होती त्यापेक्षा बारीक. केसांना मेंदी लावलेली, हात शेतावरचे. "या, हाज्जे," म्हणाली आणि माझ्या खांद्याला ओठ लावले. मी हजला गेलेले नाही. हाज्जे म्हणजे तिच्या लेखी म्हातारी. मी म्हटलं, "जिती राहा. उन्हात फार राहतेस वाटतं, कातडी पार गेली." दोघींनी एकमेकींना दिलं, घेतलं, आणि आत गेलो. मरव्याचा चहा आला. माझ्याकडचेच पडदे तिच्या खिडकीला होते, तेच, निळ्या फुलांचे. तिच्या खोलीत ते जास्त शोभत होते. खिडकी मोठी ना.

अजान झाली तसे हे चालत मशिदीत गेले. विज्दान उठली, कपाटामागून एक डबा काढला, नरसाळं घेतलं आणि माझ्यासमोरून अंगणात गेली. लपवायचं नाव नाही. बॉनेट उघडलं, फडक्यानं हात पुसला. अगदी माझ्यासारखी. हे बघून मला डब्याबिब्याचं काही वाटलं नाही, ते फडकं बघून मात्र कानशील तापलं. तेसुद्धा ह्यांनी तिला सांगितलं असणार, उम्म शाहेर कशी उभी राहते, फडकं कुठल्या हातात धरते.

"थांब," मी म्हटलं. "किती दिवस चाललंय हे?"

"काय, हाज्जे?"

"हा डबा."

"सव्वा महिना असेल. मीच विचारलं त्यांना, ती तुमच्यासाठी असं काय करते जे मी करत नाही? तर म्हणाले, माझ्या गाडीचं ऑइल बघते. मग? पडदे सारखे, पंखा सारखा, आणि ऑइल एकटीचं?"

"पट्टी वाचता येते का तुला?"

"न यायला काय झालं? खालची रेघ, वरची रेघ."

"मग वरच्या रेघेवर थांबायचं हे कुणी सांगितलं नाही? ह्या इंजिनात तू शेळीला पाजल्यासारखं ऑइल पाजलंस! टर्बो खालच्या अंगाला, इंजिनाच्या पुढे लटकलाय. त्यातलं ऑइल नळीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये गळायला हवं. चेंबर तुडुंब, त्यात गाडीचं नाक खाली, ती नळीच बुडते. मग टर्बोतलं ऑइल जाणार कुठे? पाय काढला की सायलेन्सरच्या बाजूला झिरपतं आणि जळतं. एका बाईच्या हौसेपायी माझं गॅरेज डोंगरावरून उतरायला निघालं!"

तीन वर्षांचं साठलेलं होतं, ते सगळं ह्यात घातलं. ती ऐकत उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "पहिल्या दिवशी मी पट्टी ओढली ना, तेव्हा डबा उघडलासुद्धा नव्हता. ऑइल वरच्या रेघेच्या दोन बोटं वर होतं."

"खोटं."

"माझ्या मेलेल्या आईची शपथ. मी म्हटलं, उम्म शाहेर चौतीस वर्षं बघतेय, सगळं सल्त तिचं नाव घेतं, तिला कळत नसेल का? टर्बोच्या गाडीला असंच लागत असेल. मग मी दोनाच्या ठिकाणी अडीच बोटं ठेवायला लागले."

"अर्धं जास्त कशाला?"

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमच्याइतकंच का ठेवू?"

मी पट्टी ओढली, पुसली, घातली, ओढली. अडीच बोटं. तंतोतंत. काल हीच पट्टी माझ्या दारात रेघेला टेकली होती. मी ती हातात धरून उभी राहिले आणि अंगणाकडे बघितलं. पाटासारखं सपाट, पाणी ओतलं तर कुठे जावं हे त्यालाही कळू नये. आणि माझ्या दारात? आमच्या गावात सपाट काही नाही. गाडी नाक खाली करून उभी असते, पुढच्या चाकांना दगड. पट्टी इंजिनाच्या मागच्या बाजूला. ऑइल सगळं पुढे जाऊन बसणार, मागे पट्टीला लागणारच कमी. आणि कमी दिसलं म्हणून मी ओतणार.

खात्री करायला मी चहाचा अर्धा पेला उचलून तिरका धरला. एका कडेला चहा वर चढला, दुसरीकडे तळ दिसला. विज्दान माझ्या खांद्यावरून बघत होती. तिलाही कळलं. मला ते नको होतं.

चौतीस वर्षं. जुन्या गाड्या ऑइल पीतच होत्या, त्यांना जास्त झालेलं महिन्यात जिरून जायचं. ही नवी, पीत नव्हती. नव्या गाडीनं माझं अज्ञान दोन बोटं मोजून दाखवलं, आणि दाखवलं कुणाच्या अंगणात!

"नमाज संपायला किती वेळ?" मी विचारलं.

"अर्धा तास. खुतब्याचं प्रवचन लांबवतात इथे."

"खालून नट उघडून काढायला मला आता झोपता येणार नाही."

ती गोठ्यात गेली आणि शेळ्यांना औषध पाजायची मोठी पिचकारी घेऊन आली. तिच्या टोकाला शेतातल्या ठिबकची बारीक नळी बसवली. पट्टीच्या भोकातून नळी आत सोडली, आणि ओढलं. काळं ऑइल वर आलं. पिचकारी भरली की लेबनेच्या, म्हणजे घट्ट दह्याच्या, रिकाम्या बादलीत रिकामी. हे मला सुचलं नसतं. मी तिला तसं सांगितलं नाही.

एक ओढतेय, एक बादली धरतेय. मध्येच ती म्हणाली, "हाज्जे, मी सांगितलं त्यांना की पट्टी सल्तलाच चुकत होती, तर?"

"आणि मी सांगितलं की वर तू डबाभर ओतलंस, तर?"

पिचकारी थांबली नाही.

"तुला काय पाहिजे?" मी विचारलं. "गॅरेज इथे यायला पाहिजे, तेच ना? सहा दिवस तुझे."

"सहा दिवस?" ती हसली. "हाज्जे, देव ह्यांना आयुष्य देवो. पण एक रात्र ठीक आहे. रोज घरात? सकाळी उठल्यापासून, पाणी गार का नाही, दार का वाजलं, शेळ्या का ओरडतात. आणि ते शेड इथून चाळीस पावलांवर. दिवसभर गिऱ्हाइकं माझ्या अंगणात चहा मागणार. मी विधवा होते तेव्हा सात वर्षं माझ्या घरात माझाच आवाज होता. एक दिवसाआड तो अजून असतो. तो मला हवाय."

मी बादली धरून तिच्याकडे बघत राहिले. ज्याच्यासाठी मी तीन वर्षं जळत होते, ते हिला एवढंसंच हवं होतं. मोजून, एक दिवसाआड. मला वाटतं त्या क्षणी ती मला सगळ्यांत जास्त सलली. मी राखत बसलेलं ताट, आणि समोरचीला भूकच बेताची.

"मग त्यांना तसं सांगितलं का नाहीस?"

"मी कसं सांगू? नवी बायको नवऱ्याला म्हणेल का, माझ्याकडे कमी या? तुम्ही थांबवा. तुमचं ऐकतात."

"गाडी बरी झाली तर थांबतील. पण ती बरी राहायची तर पट्टी सपाटीवर बघायला हवी." हे वाक्य सुरू केलं तेव्हा त्याचा शेवट कुठे जाणार हे मला माहीत नव्हतं. झालं तेव्हा कळलं. बाजारातल्या गॅरेजची फरशीसुद्धा रस्त्याकडे उतरती. सपाट जागा ही एकच.

ती माझ्याकडे न बघता नळी बाहेर काढून पुसत राहिली. एवढी अक्कल तिला होती.

मी शेवटचं माप घेतलं. ऑइल रेघेवर. दोघींनी हात धुतले, एकाच साबणानं.

हे आले ते हाज फलाहला घेऊनच. जाड, आनंदी माणूस. शब्द मिळणार म्हणून आधीच बसायची घाई. विज्दाननं कॉफी पुढे केली. मी उभ्यानंच म्हटलं, "अबू शाहेर, शब्द जेवणानंतर द्या. आधी हाजींना मागे बसवा, शुऐबच्या झऱ्याच्या वर जा, आणि नाक खाली करून पाय काढा."

"आता? उन्हात?"

"आता."

माझा आवाज त्यांना कळतो. गेले. मी आणि विज्दान भिंतीच्या सावलीत बसलो. अर्धा तास ती भाजी निवडत होती आणि मी रस्त्याकडे बघत होते. गाडी आली. आधी हाज फलाह उतरला, तोंड पडलेलं.

"काही नाही हो, उम्म शाहेर. तीनदा उतरवली. पारव्यासारखी स्वच्छ." जागा देणाऱ्याची साक्ष होती ती, ह्याहून खरी मिळाली नसती.

हे दार उघडं टाकून माझ्यासमोर आले. "काय केलंस?"

विज्दान माझ्याकडे बघत होती. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. नाही बोलली.

"ऑइल जास्त होतं," मी म्हटलं. "माझ्या दारातला उतार पट्टीला कमी दाखवतो. मी ओतत गेले. हिनं त्यावर थोडं टाकलं. आता काढलंय."

"तू?" हे म्हणाले. "तुझा हात चुकला?"

"उतार चुकला. हात नाही." मग मी उरलेलं म्हटलं, कारण तेच म्हणायला आले होते हे आता कळलं होतं. "गॅरेज वरच राहील. आणि ह्यापुढे पट्टी विज्दान बघेल. इथे, सपाटीवर. मी हात लावणार नाही."

हाज फलाहनं मघाशी राहिलेली कॉफी संपवली आणि पेला हलवून परत दिला, म्हणजे पुरे. ह्यांनी जाऊन गाडीचं उघडं दार लावलं. मग त्याला म्हणाले, "हाज, माफ करा. जागा दुसऱ्या कुणाला द्या. माझं दुकान डोंगरावर आहे."

गॅरेज माझं राहिलं, एक रात्र सोडून एक रात्र माझी राहिली. चौतीस वर्षांचं ते वाक्य मात्र मी त्या अंगणात देऊन आले. पुढच्या आठवड्यात हे गॅरेजात चार माणसांसमोर ते म्हणतील, फक्त नाव बदलून. आणि कुणीतरी ते मला आणून सांगेल, उम्म नजीबच बहुतेक.

मग जेवायला बसलो. विज्दाननं पातेलं परातीवर उलटं घातलं आणि अलगद वर उचललं. मकलूबा, म्हणजे मांस-वांग्याचा उलटा भात, उभी राहिली, वांगी कडेनं, भाताचा दाणा न दाणा मोकळा, कुठे करपलं नाही, कुठे ढासळली नाही. पहिला मांसाचा तुकडा तिनं माझ्यापुढे ठेवला.

मी मीठ बघितलं. बरोबर होतं. वांग्यात तेल राहिलंय का बघितलं. नव्हतं. शेवटच्या घासापर्यंत शोधत होते. मेलीनं नाव ठेवायला काही सोडलं नव्हतं.